खरा खरेदीदार

वेल्डन हिएतालानं रायफल खांद्याला लावली, डावा डोळा मिटला आणि समोरच्या ओळीत नाताळच्या सामानाजवळ उभ्या केलेल्या हवा भरलेल्या हिममानवाच्या पोटावर नेम धरला.

"वेल्डन, छताकडे धरा जरा," काउंटरमागचा ड्वेन हळूच म्हणाला. "वर कॅमेरा आहे. मला बोलणी बसतात."

"रिकामी आहे ना?"

"रिकामीच आहे. तरी छताकडे."

वेल्डननं हसून नळी वर केली. त्याच्या हातात ती रायफल शोभत होती, हे त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्याही लक्षात आलं. ती सामानाची ढकलगाडी धरून दोन पावलं मागे उभी होती. गाडीत दूध, बल्ब, कुत्र्याच्या खाण्याचं पोतं आणि तिच्यासाठी लोकरीचे मोजे. दुकान एवढं मोठं की दुधापासून बंदुकीपर्यंत चालत यायला पाच मिनिटं लागत. बंदुकांचा काउंटर अगदी मागे, एका बाजूला मासेमारीचे गळ आणि दुसऱ्या बाजूला मोटारींचे टायर, त्यामुळे तिथं कायम रबराचा वास येई.

हरणांचा हंगाम उघडायला नऊ दिवस होते. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला त्या दिवशी शाळाही बंद असतात. काउंटरपाशी नारिंगी टोप्या घातलेले चार-पाच जण आपला नंबर यायची वाट बघत होते, आणि त्यातला प्रत्येक जण वेल्डनला ओळखत होता. तो काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवायचा. आपल्या रस्त्याचं काम संपलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारातला बर्फ न सांगता बाजूला करून द्यायचा. ड्वेनच्या आईचं दार गेली अकरा वर्षं तोच मोकळं करत होता. म्हणून ड्वेननं त्याला रांगेतून पुढे घेतलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

एप्रिलमध्ये धुराड्याची ठिणगी उडून वेल्डनची जंगलातली खोपी जळाली होती. त्याच्या वडिलांची रायफल तिथंच भिंतीला टांगलेली असे. राखेतून तिची वाकडी नळी तेवढी सापडली. वेल्डन तीस वर्षांहून जास्त काळ त्याच रायफलनं शिकार करत आला होता. नवी घेण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. आता उन्हाळाभर त्यानं कॅटलॉग चाळले होते, जावयाला फोन करून दुर्बिणींची चौकशी केली होती, आणि आज जावई गॅरेट मुद्दाम सुट्टी काढून बरोबर आला होता.

"एवढी चांगली दुर्बीण लावल्यावर हरीण चुकलं तर सबब काय सांगणार तुम्ही?" गॅरेट म्हणाला.

"सबब मी घरून बांधून आणतो," वेल्डन म्हणाला. "मार्ली डब्यात घालून देते."

नारिंगी टोप्या हसल्या. मार्लिसही हसली.

ड्वेननं ओळखपत्र घेतलं, फॉर्म उघडला आणि काउंटरवरचा पडदा वेल्डनकडे वळवला. वेल्डननं खिसे चाचपले. चष्मा गाडीत राहिला होता. गॅरेट आणायला निघाला, पण वेल्डननं त्याला थांबवलं. प्रश्न ठरलेलेच असतात, बायको वाचून दाखवेल, असं तो म्हणाला. ड्वेननं मान डोलावली. वाचून दाखवलं तर हरकत नाही, बोट मात्र वेल्डननंच लावायचं.

मार्लिस पुढे झाली. नाव, पत्ता, उंची, वजन. वजन त्यानं पंधरा पौंड कमी सांगितलं आणि तिनं त्याच्याकडे बघितल्यावर पाच वाढवले. मग प्रश्न सुरू झाले. ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का? हो. तुमच्यावर खटला चालू आहे का? नाही. तुम्ही कायद्यापासून फरार आहात का? "अजून नाही," वेल्डन म्हणाला आणि नाहीवर बोट ठेवलं. अमली पदार्थांचं व्यसन? नाही. वेड्यांच्या इस्पितळात कधी ठेवलं होतं का? इथं गॅरेट खोकला, आणि पुन्हा हसणं झालं.

पुढचा प्रश्न तिच्या डोळ्यांनी तोंडाच्या आधी वाचला. थांबायला जागा नव्हती. थांबली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं.

"कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात, किरकोळ धरून, कोणत्याही न्यायालयात तुम्ही कधी दोषी ठरला आहात का?"

"नाही," वेल्डन म्हणाला. "पुढचा."

त्याचं बोट आधीच्या प्रश्नांवर पडलं होतं तसंच पडलं. ना घाईनं, ना रेंगाळत. फरारीच्या प्रश्नाला लागला होता तेवढाच वेळ लागला. मार्लिसनं पुढचा प्रश्न वाचला. तुम्ही अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आहे का? नाही. तिचा आवाज नीट निघत होता.

ड्वेननं माहिती सरकारी तपासणीसाठी वर पाठवली. एरवी दोन-चार मिनिटांत उत्तर येतं, हंगामात थोडा उशीर होतो, असं तो म्हणाला. त्या वेळात त्यानं काडतुसांच्या कपाटाचं कुलूप काढून दोन डबे आणून ठेवले. वेल्डन रायफलच्या लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवत राहिला. गॅरेट पट्टा निवडत होता.

मग ड्वेन पडद्याकडे बघताना जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्यानं दुकानातल्या एका बाईला बोलावलं. तीही बघून गेली. जाताना तिनं मार्लिसकडे पाहिलं.

"वेल्डन," ड्वेन म्हणाला, "नकार आलाय."

"म्हणजे काय आलंय?"

"नकार. उशीर नाही, नकार. आम्हाला कारण सांगत नाहीत. कुणी त्याच नावाचा असेल दुसरा. होतं असं कधीकधी." त्याचे कान लाल झाले होते. त्यानं रायफल अलगद आपल्या बाजूला ओढून घेतली आणि नंबर छापलेला एक कागद पुढे केला. "यावरून दाद मागता येते. मी फार दिलगीर आहे."

नारिंगी टोप्या आता हसत नव्हत्या. त्यातल्या एकानं उगाच फोन काढला. गॅरेट चांगल्या घरचा मुलगा, तो गळांच्या ओळीकडे वळला आणि गळाला लावायचे रबरी बेडूक निरखत बसला. वेल्डननं कागद चौपदरी घडी करून खिशात घातला.

"हिएताला या भागात दगडाइतके आहेत," तो मोठ्यानं म्हणाला. "कुणी वेल्डन बँक लुटून बसला असेल, आणि हरीण माझं गेलं."

परत जाताना रस्ताभर तो हेच बोलत होता. सरकारची यंत्रं, त्यावर बसलेली पोरं, एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यावर. मागच्या सीटवरून गॅरेट हो ला हो म्हणत होता. मार्लिस खिडकीतून बाहेर बघत होती. तिला राहून राहून ते बोट दिसत होतं.

ते चौतीस वर्षांपूर्वी झालं होतं, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी. त्यांची मुलगी ब्रेन्ना तेव्हा जन्मलेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून ते मागच्या दारापर्यंत. शेजारच्या सिल्विया राजालानं पोलिसांना फोन केला. दोघे आले, त्यातला एक अगदी कोवळा, लिहिताना त्याला स्पेलिंग विचारावं लागत होतं. मार्लिसनं न्यायाधीशांना पत्र लिहून दिलं की शिक्षा हलकी करा, तो कामसू माणूस आहे. दंड झाला, तीस आठवडे शहरात जाऊन राग आवरायला शिकवणाऱ्या एका वर्गात बसावं लागलं. तो बसला. दारू सोडली. त्या रविवारनंतर त्यानं तिच्यावर हात उचलला नाही. हे तिनं स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. त्या रविवारच्या आधीचं ती धरत नसे.

त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. बोलायची वेळ आली तर काय म्हणायचं हे तिनं पहिली काही वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं. तो मात्र थंडीत रोज पहाटे उठून तिची गाडी सुरू करून ठेवायचा, काचेवरचं गोठलेलं दव खरवडायचा, तिच्या सीटवर जुनी घोंगडी पसरायचा. तिला ती गाडी गरम मिळायची. हळूहळू तिनं ठरवून टाकलं की हेच त्याचं बोलणं आहे. माणसाला लाज वाटली की तो गप्प होतो, आणि वेल्डन फार गप्प होता, म्हणजे त्याला फार लाज वाटत असणार. या हिशेबावर ती चौतीस हिवाळे सुखानं राहिली होती.

ब्रेन्ना पाच वर्षांची असताना स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी आली होती की असा गुन्हा नावावर असलेल्यांना यापुढे जन्मभर बंदूक बाळगता येणार नाही, जुना असला तरी. मार्लिसनं ती दोनदा वाचली, मग ते पान दारात ओल्या बुटांखाली अंथरलं. वडिलांची रायफल खोपीच्या भिंतीला टांगलेली होती, तिथंच राहिली. तिच्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

रविवारी ब्रेन्ना आणि गॅरेट जेवायला आले. मार्लिसनं मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्या भाजल्या होत्या. ब्रेन्ना घरात शिरली ती बापाला मिठी मारून म्हणाली की घरात फरारी आहे, जेवायला पोलिसांनाही बोलवूया. वेल्डन हसला. पेस्टीचं दुसरं टोक मोडेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

ब्रेन्ना शाळेच्या कार्यालयात काम करते, कागदपत्रांत तिचा हात कुणी धरणार नाही. तिनं बसल्या बसल्या फोनवर सगळं शोधून काढलं होतं. दाद मागायला काही लागत नाही, घरबसल्या होतं. नकाराचं कारण ते काही दिवसांत लेखी कळवतात. बाबांनी फक्त तो नंबर द्यावा, बाकीचं ती आजच भरून टाकेल.

"राहू दे," वेल्डन म्हणाला.

"अहो बाबा, दहा मिनिटांचं काम आहे. कारण हातात आलं की आपण म्हणू, तो मी नव्हेच."

"राहू दे म्हटलं ना."

त्यानं आवाज चढवला नव्हता. उलट खाली आणला होता. काटा ताटलीच्या कडेला ठेवला होता, अगदी सरळ. मार्लिसचे खांदे आपोआप कानांपर्यंत वर आले आणि तिला तेव्हा कळलं की हा आवाज ती ओळखते. ब्रेन्नानं खांदे उडवले, लोणच्याची बरणी ओढली आणि म्हणाली, हट्टी म्हातारा. तिला तो आवाज कधी शिकावा लागला नव्हता. मार्लिसनं खांदे खाली आणले. सॉस कुणाला हवाय का, असं विचारलं.

जेवण झाल्यावर वेल्डन परसातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत लाकडं घालायला गेला. ती टॉवेल घेऊन मागून गेली तेव्हा चुलीच्या दारात त्या कागदाची घडी जळत होती. नंबराच्या बाजूनं आधी.

तेव्हापासून तिच्या मनात दोन गोष्टी आलटून पालटून येऊ लागल्या. तो विसरलाय, ही एक. माणूस खरंच विसरू शकतो. चौतीस वर्षांत किती रस्ते, किती वादळं, किती बर्फ. तसं असेल तर बोटाचं काही वाटून घेण्यात अर्थ नाही. आणि त्याला आठवतंय, ही दुसरी. तसं असेल तर ते बोट तिच्यासमोर, तिच्याच तोंडून प्रश्न ऐकून, जराही थांबलं नव्हतं. पहिली गोष्ट जास्त सोसण्यासारखी होती. तिनं पहिलीच धरून ठेवायचं ठरवलं.

सोमवारी कॉफीच्या वेळी तो म्हणाला, "तू घे. तुझ्या नावावर."

सत्तर मैलांवर शहरात त्याहून मोठं दुकान होतं, तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कागदाचा खेळ आहे नुसता, वेल्डन म्हणाला. बायकोच्या नावावर घर असतं, गाडी असते, तशी बंदूक. त्यानं रायफलचं नाव आणि माप मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून दिलं. गॅरेटच्या नावावर घेतली तर ती जावयाची होईल, आणि बरोबर शिकारीला येणाऱ्या लोकांना कारण सांगत बसावं लागेल. हे बरं.

मंगळवारी दोघं निघाली. शहरात वेल्डनला गाडी चालवायला आवडत नसे, त्यामुळे चाकावर मार्लिस होती. सरोवराच्या कडेनं जाताना हलका बर्फ पडत होता. वेल्डन खुशीत होता. खोपी पुन्हा बांधायची, ती या वेळी कुठल्या बाजूला दार ठेवून, हे तो सांगत होता. वाटेत पेट्रोल भरताना त्यानं तिच्यासाठी गरम चॉकलेट आणलं, वरची साय काढून, तिला लागतं तसं. दुकानाच्या आवारात तिनं गाडी लांबच्या रांगेत लावली. तो बसून राहिला. दोघं दिसली तर विचारतील, म्हणाला.

काउंटरवर पांढऱ्या केसांचा, कानाला यंत्र लावलेला माणूस होता. छातीवरच्या पट्टीवर नॉर्बर्ट असं लिहिलेलं. मार्लिसनं चिठ्ठी न काढताच रायफलचं नाव सांगितलं, तिला ते पाठ झालं होतं. त्यानं कपाट उघडून ती काढली, रिकामी असल्याचं स्वतः बघितलं, तिलाही दाखवलं आणि तिच्या हातात दिली.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी होती. तिनं ती खांद्याला लावली, छताकडे धरली. दस्त्याला तेलाचा आणि नव्या लाकडाचा वास होता.

"तुम्हाला जरा लांब पडते," नॉर्बर्ट म्हणाला. "आखूड दस्त्याची आहे एक. बायका तीच घेतात."

"नको. हीच सांगितलीय."

नॉर्बर्टनं पडदा वळवला आणि आपण जरा बाजूला होऊन गळ्यातल्या दोरीची गाठ सारखी करत बसला. पहिलाच प्रश्न तो होता. ही बंदूक घेणारे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का? खाली ठळक अक्षरांत सूचना होती: दुसऱ्या कुणाच्या वतीनं घेत असाल, तर तुम्ही खरे खरेदीदार नाही.

मार्लिसनं सूचना वाचली. मग बोट पडद्यापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. वेल्डनला हो म्हणायला काहीच लागलं नव्हतं. तिलाही लागणार नाही असं तिला वाटलं होतं.

"एक विचारू का?"

"विचारा."

"एखाद्यानं बायकोला मारलं असेल, फार पूर्वी. तीस-चौतीस वर्षं झाली. त्यानंतर कधीच नाही. तरी ते धरतात?"

"न्यायालयात गेलं होतं?"

"हो."

"मग धरतात."

"आणि बायकोनं माफ केलं असेल तर?"

नॉर्बर्टनं दोरी सोडली. "त्याला इथं चौकट नाही, बाई," तो म्हणाला. "पुष्कळ जणी विचारतात. नोव्हेंबरात जास्त."

तिला हे अपेक्षित नव्हतं. आपण एकटीच आहोत असं तिला नेहमी वाटत आलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर एकदम अशा कितीतरी बायका आल्या, याच काचेपाशी टेकलेल्या, बाहेर आवारात कुणीतरी गाडीत बसलेलं, आणि सगळ्यांच्या पर्सेत चिठ्ठ्या.

"त्या काय करतात मग?"

"बहुतेक जणी हो म्हणतात. मी काय, मला खोटं दिसल्याशिवाय थांबवता येत नाही."

मार्लिसनं पुन्हा बोट नेलं आणि नाहीवर ठेवलं. पडद्यावर लगेच लाल ओळ आली.

"आता मला देता येणार नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"माहीत आहे."

त्यानं रायफल उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि वळला. "बाहेर कुणी वाट बघतंय का?"

"हो."

"टायरच्या बाजूला एक दार आहे. तिथून निघता येतं. हवं तर मी बरोबर येतो."

त्यानं ते अगदी साधेपणानं विचारलं. गेल्या चौतीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणाला विचारायचं कारणच दिसलं नव्हतं. तिनं सांगितलं की नको, तसं काही नाही, माझी चिंता करू नका. गाडीची किल्ली माझ्याकडेच आहे. तिनं ती दाखवलीही.

बाहेर बर्फ वाढला होता. गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या आणि वेल्डननं बाहीनं एक गोल पुसून ठेवला होता. त्या गोलातून तो बघत होता. ती रिकाम्या हातानं येताना त्यानं बघितलं असणार. ती चाकामागे बसली, दार ओढून घेतलं.

"कुठाय?"

"दिली नाही."

"का? तुझ्या नावावर काय आहे?"

"माझ्या नावावर काही नाही. कुणासाठी घेताय, असं विचारतात. मी खरं सांगितलं."

ती त्या खाली उतरलेल्या आवाजाची वाट बघत राहिली. खांदे घट्ट धरून. तो आवाज आला नाही. वेल्डननं हातमोजे काढले, मांडीवर एकावर एक ठेवले. मग तो बोलला ते फार सरळ, सावकाश, एखादी गोष्ट पुष्कळदा मनात सांगून झालेला माणूस बोलतो तसं.

"दोनदा होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. दोनदा. त्या पोरगेल्या पोलिसानं तीनदा लिहिलं. त्याला धड लिहिता येत नव्हतं, तुला आठवत असेल. तीन लिहिलं म्हणून ते न्यायालयात गेलं. वकील म्हणाला, भांडत बसू नकोस, सही करून टाक. मी सही केली ती तीनच्या कागदावर. तीन कधी झालंच नाही, मार्ली. म्हणून मी नाही म्हणतो. कुणी विचारलं की नाहीच म्हणतो. त्यात खोटं काय आहे?"

तो तिच्याकडे वळला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार वर्षं अन्याय सोसलेल्या माणसाचा असावा तसा तो चेहरा होता, आणि आता तरी बायकोनं आपली बाजू घ्यावी अशी त्यावर आशा होती.

मार्लिस समोरच्या काचेकडे बघत राहिली. काचेवर बर्फ साचत होता आणि आत उजेड कमी होत होता. रोज पहाटे तिच्या गाडीत बसून, इंजिन गरम होईपर्यंत, तो एकटा काय करत असेल याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

"कुठले दोन?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"दोन म्हणतोस ना. कुठले दोन ते सांग. ओट्यापाशी एक धरलास का? मग दारापाशीचा कितवा? की तो धरलाच नाहीस?"

"मार्ली, घरी चल आता."

"आणि त्या रविवारच्याही आधीचे, नाताळापूर्वीचे? ते कुणी लिहिलेच नाहीत. ते तू कुठे मांडलेस?"

वेल्डननं हात पुढे करून हीटरचं बटण फिरवलं, मग आणखी फिरवलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे काही आलं नाही. मार्लिसनं किल्ली मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"सांग," ती म्हणाली. "मला घाई नाही."